कवितेची आठ नावं

टगालोग भाषेत कवितेला ‘तुला’ म्हणतात. इलोकानोत ‘दानिव’, सेबुआनोत ‘बालाक’, हिलिगायनोनमध्ये ‘बिनालायबाय’, वारायमध्ये ‘सिदाय’ आणि बिकोलमध्ये ‘रावितदावित’. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरचे मरानाव मुसलमान ‘बायोक’ गातात, आणि त्याही पलीकडे सुलू बेटांवरचे ताउसुग मुसलमान ‘तारासुल’ म्हणतात. ही आठही नावं एकाच देशातली, फिलिपाइन्समधली. सात हजारांहून जास्त बेटं आणि शंभराहून कितीतरी जास्त भाषा असलेला हा देश आपल्याकडे वर्तमानपत्रात येतो तो बहुधा वादळ आलं की, नाहीतर राजकीय उलथापालथ झाली की. त्याच्या कवितेबद्दल मराठीत कोणी लिहिलेलं आमच्या वाचनात आलं नाही. म्हणून हा प्रपंच.

आमचा या देशाशी संबंध आला तो पोटापाण्यामुळे. खाडीकाठच्या आमच्या गावांत ज्याचा एखादा मुलगा बोटीवर किंवा आखातात नाही असं घर विरळा. आणि बोट म्हटली, आखात म्हटलं, की फिलिपिनो माणूस आलाच. इंजिनरूममध्ये शेजारी तोच, दवाखान्यात परिचारिका तीच, दुकानाच्या काउंटरवरही तीच. आमच्यातले एक जण बरीच वर्षं बोटीवर होते. लेयटे बेटावरचा एक सहकारी त्यांच्याबरोबर होता. त्याला कोणी ‘तुमची फिलिपिनो भाषा’ म्हटलं की तो हसायचा. आपल्याला कोणी ‘तुमची उर्दू’ म्हटलं की आपण हसतो ना, अगदी तसा. फिलिपिनो शाळेत शिकलो, सिनेमात ऐकली, घरात मात्र आई वारायमध्येच ओरडते, असं तो सांगायचा. ‘सिदाय’ हा शब्द आमच्या मंडळात आला तो त्याच्याच तोंडून.

मंडळ म्हणजे फार काही नाही. महिन्यातून एकदा सहा-सात जण जमतो. कुणी कोकणीत वाचतं, कुणी दखनीत, बरेचसे मराठीत. चहा होतो, भांडणही होतं. घरात कोकणी नाहीतर दखनी, शाळेत मराठी, मौलवीसाहेबांपुढे आणि मुशायऱ्यात उर्दू, नोकरीच्या अर्जात इंग्रजी, ही आपली रोजची वाटणी. आमच्या एका मित्राची कोकणी कविता एका मासिकानं ‘प्रमाण भाषेत करून पाठवा’ अशा शेऱ्यासह परत पाठवली होती. तीच कविता उर्दूवाल्या एका बुजुर्गांनी ‘अच्छी है, मगर जबान साफ करो’ म्हणून बाजूला ठेवली. ही गोष्ट मंडळात हसत हसत सांगितली जाते, पण त्यानंतर त्यांनी कोकणीत दुसरी कविता लिहिली नाही. तेव्हा छोट्या भाषेतली कविता जगते कशी आणि तिला कोण जगवतं, हा आमच्यासाठी नुसता अभ्यासाचा विषय उरला नाही. फिलिपाइन्सकडे आम्ही पाहू लागलो ते या कारणानं.

तिथलं भाषेचं घर तीन मजली आहे. वर इंग्रजी, मधे राष्ट्रभाषा, तळाला घरची भाषा. स्पॅनिशांचं राज्य तीनशेहून अधिक वर्षं होतं, पण त्यांची भाषा सामान्य माणसाच्या तोंडी बसली नाही. मग अमेरिकन आले. १९०१ साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले आणि गावोगाव इंग्रजी शाळा सुरू झाल्या. स्पॅनिशला तीन शतकांत जमलं नाही ते इंग्रजीनं एका पिढीत केलं. ३० डिसेंबर १९३७ रोजी अध्यक्ष मान्युएल केसोन यांनी टगालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा जाहीर केली. १९५९ मध्ये तिला ‘पिलिपिनो’ हे नाव मिळालं, पुढे त्याचं ‘फिलिपिनो’ झालं. १९८७ च्या राज्यघटनेनं प्रादेशिक भाषांना त्यांच्या त्यांच्या प्रदेशात साहाय्यक राजभाषा म्हणून मान्यता दिली, आणि स्पॅनिश व अरबीला ऐच्छिक उत्तेजन द्यावं असंही एक वाक्य घातलं. कागदावर कोणावरच अन्याय नाही. प्रत्यक्षात पानाय बेटावरच्या किनाराय-आ बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आधी हिलिगायनोन, तिच्यावर फिलिपिनो आणि सगळ्यांच्या वर इंग्रजी. ही उतरंड मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

या उतरंडीत खालच्या भाषांना आधार दिला तो आधी साप्ताहिकांनी. टगालोगमधलं ‘लिवायवाय’ १९२२ चं. त्याच्या यशानंतर त्याच प्रकाशकांनी सेबूकडच्या वाचकांसाठी ‘बिसाया’ (१९३०), आणि मग ‘हिलिगायनोन’ व इलोकानोतलं ‘बन्नावाग’ (दोन्ही १९३४) काढलं. ‘लिवायवाय’ म्हणजे पहाट आणि ‘बन्नावाग’ म्हणजेही पहाट. मालकांचा हेतू धंद्याचा होता, भाषासेवेचा नव्हता, आणि आम्हाला त्यात काही कमीपणा वाटत नाही. क्रमशः कादंबरी, चित्रकथा, घरगुती सल्ला आणि मधल्या पानावर कविता, असा तो मामला. उत्तर लुझोनमधल्या शेतकऱ्याच्या घरात बायबलनंतर दुसरं छापील पुस्तक कुठलं, तर ‘बन्नावाग’; लोक त्याला ‘उत्तरेचं बायबल’च म्हणत. इलोकानोचं शुद्धलेखन कसं असावं, हे शाळेनं ठरवलं नाही. या साप्ताहिकाच्या संपादकांनी आठवड्यामागून आठवडा लाल शाई वापरून ते ठरवलं.

त्याच साप्ताहिकाभोवती लेखक जमले आणि १९६८ साली ‘गुमिल’ ही इलोकानो लेखकांची संघटना उभी राहिली. तीन वर्षांत तिची शाखा हवाई बेटांवर निघाली. हवाईत इलोकानो माणूस गेला तो १९०६ पासून, उसाच्या मळ्यात मजुरीला. ऊस तोडायला गेलेल्यांच्या मुला-नातवंडांनी परमुलखात आपल्या बोलीतल्या कवितांचे संग्रह काढावेत, हे वाचून आमच्या मंडळात बराच वेळ कोणी बोललं नाही. आपल्याकडची माणसं पन्नास-साठ वर्षं कुवेत-दुबईत आहेत. तिथं मुशायरे होतात, चांगले होतात. त्यात आईच्या बोलीतली नज्म किती वेळा ऐकली, ते ज्याचं त्यानं आठवावं.

कविता तिथं फक्त छापील नव्हती. ६ एप्रिल १९२४ रोजी मनिलात दोन कवींना समोरासमोर उभं करून एक वाद लावला गेला. होसे कोराझोन दे हेसूस आणि फ्लोरेन्तिनो कोल्यान्तेस हे ते दोघे. एक फुलपाखरू झाला, एक भुंगा, आणि फूल कोणाचं यावर दोघं छंदबद्ध भांडले. मध्यस्थाला ‘लाकनदिवा’ म्हणतात. तोही पद्यातच निवाडा देतो. या प्रकाराला ‘बालाग्तासान’ हे नाव पडलं. आपल्याला लगेच कलगी-तुरा आठवतो. आपल्या परंपरेत त्याचे मूळपुरुष म्हणून तुकनगीर आणि शाहअली यांची नावं सांगतात, म्हणजे वाद होता आणि त्या वादात दोस्तीही होती. तिथली मौज पुढची. टगालोगमध्ये हे सुरू झालं तसं इलोकानोंनी आपल्या जुन्या कवीच्या, पेद्रो बुकानेगच्या नावानं ‘बुकानेगान’ सुरू केलं, आणि कापाम्पांगान भाषकांनी आपल्या हुआन क्रिसोस्तोमो सोतोच्या नावानं ‘क्रिसोतान’. राजधानीची फॅशन उचलली, पण नाव आपल्या माणसाचं ठेवलं. हे शहाणपण आम्हाला फार आवडलं.

‘बालाग्तासान’ हे नाव ज्याच्यावरून पडलं तो फ्रान्सिस्को बालाग्तास १७८८ साली जन्मला. त्याचं ‘फ्लोरान्ते आत लाउरा’ हे १८३८ मधलं दीर्घकाव्य तिथं शाळाशाळांतून शिकवलं जातं. मुसलमान वाचकानं त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अल्बानियाच्या जंगलात ख्रिस्ती फ्लोरान्तेला झाडाला बांधून सिंहांपुढे सोडलंय, आणि त्याला वाचवतो तो अलादिन नावाचा इराणी मुसलमान राजपुत्र. धर्म वेगळा, पण दुःख सारखं, म्हणून वाचवतो. त्या काळात तिथं ‘मोरो-मोरो’ नावाची नाटकं जोरात होती. त्यांत मुसलमान राजा दर जत्रेला हरायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. अशा प्रेक्षकांसमोर बालाग्तासनं हा अलादिन उभा केला. काव्याच्या शेवटी अलादिन आणि त्याची फ्लेरिदा बाप्तिस्मा घेतात, हेही सांगायला हवं. कवी काळाच्या पुढे गेला, पण पुरता नाही.

आता त्या बोटीवरच्या मित्राच्या भाषेकडे येतो. ‘वाराय’ या शब्दाचा त्याच भाषेतला अर्थ ‘नाही’, ‘काही नाही’. लेयटे आणि सामार बेटांवरच्या लोकांना बाकीचा देश याच नावानं ओळखतो, म्हणजे त्यांच्या भाषेचं नावच ‘काही नाही’! या भाषेसाठी नोर्बेर्तो रोमुआल्देस यांनी १९०९ मध्ये ‘सांघिरान’ नावाची अकादमी काढली होती. (हे गृहस्थ पुढे बुटांच्या ढिगासाठी जगभर गाजलेल्या इमेल्दा मार्कोसचे काका.) नवे शब्द घडवायचे की परभाषेतले पचवायचे, यावर अकादमीतल्या सभासदांचं एकमत होईना. असले वाद आपणही पुष्कळ पाहिलेत. शब्द घडवणाऱ्यांचे बहुतेक शब्द कागदावरच राहिले.

पुढे युद्धानंतर वारायमधलं लेखन मंदावलं. शिकलेला माणूस इंग्रजीत लिहू लागला. अशा वेळी सिदाय वाचवला तो ताक्लोबानमधल्या डीवायव्हीएल नावाच्या एका रेडिओ केंद्रानं. सत्तरच्या दशकापासून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथून ‘पुप्लोन्गानोन’ हा कार्यक्रम लागत असे, संध्याकाळी. श्रोत्यांनी आपल्या भाषेत सिदाय लिहून पाठवायचे आणि निवेदकानं ते सिदाय वाचायच्या खास ढंगात हवेवर सोडायचे, एवढाच कार्यक्रम. विषय काय असत? खोबऱ्याचा पडलेला भाव, रस्त्यावरचे खड्डे, पैसे खाणारा अंमलदार, गरिबी, प्रेम. नारळाच्या बागेत राबणाऱ्या माणसानं खोबऱ्याच्या भावावर यमकं जुळवावीत आणि संध्याकाळी सगळ्या वाडीनं ती ऐकावीत! कोकणातल्या माणसाला यात परकं काहीच वाटणार नाही. पुढे केंद्राचं धोरण बदललं आणि कार्यक्रम बंद झाला. रेडिओवर सिदाय नंतरही अधूनमधून वाचले गेले, पण जाणकारांच्या मते ते पूर्वीच्या दर्जाचे राहिले नाहीत. जुन्या संहितांचे गठ्ठे मात्र टिकले होते. ताक्लोबानमधल्या विद्यापीठाच्या महाविद्यालयानं ते चाळून निवडक सिदायांचं पुस्तक केलं. त्या कामात मेर्ली आलूनान या कवयित्रीचा पुढाकार होता.

आलूनानबाई हे प्रकरण थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. त्या मूळच्या इंग्रजीत लिहिणाऱ्या. फिलिपाइन्समधली सगळ्यात जुनी लेखन-कार्यशाळा एडिल्बेर्तो आणि एडिथ तिएम्पो या दांपत्यानं १९६२ साली दुमागेते शहरातल्या सिलिमान विद्यापीठात सुरू केली. ते दोघं अमेरिकेत, आयोवात शिकून आलेले. कार्यशाळेची भाषा इंग्रजी. मसुदा सगळ्यांसमोर ठेवायचा, ओळ न ओळ तपासायची, कवीनं मधे बोलायचं नाही. तिथून पुष्कळ रडत बाहेर पडले असतील. आलूनान याच वातावरणात तयार झाल्या. पुढे लेयटेमध्ये शिकवताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना वारायमध्ये लिहायला लावलं आणि स्वतःही सेबुआनो, वाराय अशा भाषांकडे वळल्या. १९९१ साली सेबूत लिहिणाऱ्या बायकांचं एक मंडळ निघालं, त्यातही त्या होत्या. त्यांनी इंग्रजीला शिव्या दिल्या नाहीत. इंग्रजी कार्यशाळेतली ती निर्दय तपासणी त्यांनी तशीच उचलली आणि वारायच्या कवितेवर लावली. आमच्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच. छोट्या भाषेत कोणी लिहिलं की आपण ‘वा वा’ म्हणून मोकळे होतो. लहान मुलानं काढलेल्या चित्राचं कौतुक करावं तसं करतो. त्या कवितेतली दुसरी ओळ ढिली आहे, हे शब्द पुन्हा आलेत, हे सांगायचं कष्ट घेत नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी वोल्तेर ओयझोन यांनी २००८ मध्ये काढलेल्या संग्रहाच्या नावाचा अर्थ होतो ‘वाराय लोकांत चांगलं काय’. त्यात ‘वाराय’वर श्लेष आहे, कारण हेच नाव ‘ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्यात चांगलं काय’ असंही वाचता येतं.

पानाय बेटावर असंच काम लेओन्सिओ देरियादा यांनी केलं. किनाराय-आ ही आंतिके प्रांताची आणि डोंगराळ भागाची भाषा. इलोइलो शहरात तिची ओळख म्हणजे घरकामाला येणाऱ्या बायांची बोली. आंतिकेची पोरं शहरात आली की पहिल्या आठवड्यात हिलिगायनोन बोलायला शिकत, नाहीतर हसू होई. देरियादा प्राध्यापक होते, नावाजलेले कथाकार होते, देशातला मोठा समजला जाणारा पालान्का पुरस्कार कितीदा तरी मिळवलेले. ऐंशीच्या दशकापासून ते या पोरांना सांगत राहिले की घरी बोलता त्या भाषेत लिहा, आणि लिहिलेलं मी छापतो. आमचा भर या दुसऱ्या वाक्यावर आहे. लिहा म्हणणारे पुष्कळ भेटतात. जॉन इरेमिल तेओदोरो, जेनेव्हिव्ह आसेन्हो ही किनाराय-आमधली नंतरची ठळक नावं याच मातीतली. देरियादा २०१९ मध्ये वारले. पालान्का पुरस्कारानं प्रादेशिक भाषांसाठी दार उघडलं ते १९९७ मध्ये, पुरस्कार सुरू झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी. तेही सेबुआनो, हिलिगायनोन, इलोकानो या तीनच भाषांना आणि फक्त कथेसाठी.

आता वादळाबद्दल. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी ‘हायान’ हे चक्रीवादळ, तिकडे त्याला ‘योलांदा’ म्हणतात, लेयटे आणि सामारवर आदळलं. सरकारी आकड्याप्रमाणे सहा हजार तीनशेहून अधिक माणसं गेली, सगळ्यात जास्त ताक्लोबान परिसरात. मेलेल्यांपैकी पुष्कळ जण वाऱ्यानं गेले नाहीत, घरात शिरलेल्या समुद्रानं गेले. त्याचा इशारा आधी दिला गेला होता. हवामान खात्यानं आणि वाहिन्यांनी ‘स्टॉर्म सर्ज’ असे शब्द वापरले होते. लोकांना ते शब्द कळले नाहीत. वादळ म्हणजे वारा-पाऊस, तो तर दरवर्षीचा, असं म्हणून माणसं किनाऱ्यावरच्या घरांत थांबली. ‘त्सुनामी’ म्हणाला असता तरी पळालो असतो, असं वाचलेल्यांनी नंतर कितीतरी ठिकाणी सांगितलं. वारायमध्ये कोणी नुसतं ‘समुद्र घरात येणार आहे’ म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

आपल्या किनाऱ्यावर त्याला ‘उधाण’ म्हणतात, आणि उधाण म्हटल्यावर आमच्या वाडीतली म्हातारीसुद्धा आधी कोंबड्या वर उचलते. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात आलं तेव्हा आमच्या नातेवाइकांची छपरं उडाली, सुपारीच्या बागा भुईसपाट झाल्या. पण निरोप आला तो कळणाऱ्या शब्दांत आला होता. ताक्लोबानमध्ये खोबऱ्याच्या भावावर सिदाय वाचणारा तो रेडिओ चालू असता तर काय झालं असतं, हा प्रश्न आमच्या मंडळात एकीनं विचारला. कवितेनं माणसं वाचली असती असं कोणी म्हणणार नाही. पण ज्या आवाजावर लोकांचा भरवसा होता, जो त्यांच्या शब्दांत बोलायचा, तो आवाज त्या आठवड्यात तिथं नव्हता. आलूनान यांनी पुढे हायानवर लिहिलेल्यांचं एक संकलन केलं. बुडालेल्या गावातल्या लोकांनी आपापल्या भाषांत लिहावं, असा त्यांचा आग्रह होता.

दक्षिणेकडच्या आपल्या धर्मबांधवांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती सरळ नाही. स्पॅनिशांनी त्यांना ‘मोरो’ हे नाव दिलं, त्यांनी तेच पुढे अभिमानानं घेतलं. मरानावांचं ‘दारांगेन’ हे महाकाव्य सतरा खंडांचं आणि बहात्तर हजार ओळींचं आहे. लग्नघरी रात्री-रात्री ते गायलं जातं. सगळं गायचं तर आठवडाभर लागतो. त्याची मुळं इस्लाम येण्याआधीची. ते लिहून ठेवलं गेलं ते अरबी अक्षरांत, मरानाव त्या लिपीला ‘किरीम’ म्हणतात. आमच्या दादी-नानींच्या वह्यांत कोकणी लग्नगीतं उर्दू लिपीत लिहिलेली आहेत, त्या वह्यांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. मारावी शहरातल्या मिंदानाव राज्य विद्यापीठानं १९८६ पासून दहाएक वर्षांत ‘दारांगेन’चे आठ खंड छापले. २००५ मध्ये युनेस्कोनं त्याचा गौरव केला. त्याच मारावीत २३ मे २०१७ रोजी लढाई पेटली आणि पाच महिन्यांत शहराचा मध्यभाग ढिगारा झाला. विद्यापीठ वाचलं, आणि ऑगस्टमध्ये, लढाई चालू असतानाच, तिथले वर्ग पुन्हा भरले.

‘दारांगेन’ जपलं गेलं, पण जपलेलं आणि जिवंत यांत फरक असतो. त्यातले जुने शब्द आता मरानाव तरुणालाही कळत नाहीत. २००७ मध्ये गुतिएर्रेस मांगान्साकान यांनी तरुण मोरो लेखकांच्या निबंधांचं एक पुस्तक संपादित केलं. आपली पोरं स्वतःबद्दल स्वतः बोलतायत म्हणून आम्हाला त्याचं अप्रूप वाटतं. पुस्तक इंग्रजीत आहे. मनिलाच्या वाचकाला सांगायचं तर इंग्रजी हवी, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. तरी बायोक गाणाऱ्या आजीला ते पुस्तक वाचता येणार नाही, हेही खरंच. मारावीपासून फार दूर नसलेल्या इलिगान शहरात १९९४ पासून जी लेखन-कार्यशाळा भरते तिचा आम्हाला म्हणून विशेष आदर वाटतो. लुझोन, विसाया आणि मिंदानाव या तिन्ही भागांतून तिथं नवे लेखक बोलावतात आणि त्यांनी आपापल्या भाषेत लिहिलेलं घेतात. ख्रिस्ती, मुसलमान आणि डोंगरातले आदिवासी एका टेबलाभोवती बसून एकमेकांच्या ओळी तपासतात. ज्या मुलखात एवढी वर्षं बंदुका चालल्या तिथं ही साधी गोष्ट नाही.

शाळेचं काय झालं तेही सांगायला हवं. २००९ पासून सरकारनं मातृभाषेतून शिकवायचं धोरण घेतलं आणि २०१३ च्या कायद्यानं तिसरीपर्यंत ते पक्कं केलं. एकोणीस भाषांत वर्ग सुरू झाले. वाराय, किनाराय-आ, मरानाव, ताउसुग, सगळ्या त्यात होत्या. छोट्या भाषांत बालगीतं लागली, गोष्टी लागल्या, आणि इतकी वर्षं कार्यशाळांतून तयार झालेल्या लेखकांना एकदम काम मिळालं. पण पुस्तकं वेळेवर आली नाहीत, शिक्षकांना प्रशिक्षण पुरलं नाही, आणि पालकांना तर इंग्रजीच हवी होती. बोटीवर, आखातात वाराय कोण विचारतो? ऑक्टोबर २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि मातृभाषेतून शिकवण्याची सक्ती संपली. जिथं वर्गातल्या सगळ्या मुलांची भाषा एकच आहे तिथं ऐच्छिक, बाकी ठिकाणी फिलिपिनो आणि इंग्रजी. पालकांना दोष द्यायला आमचं मन होत नाही. आमचीही मुलं इंग्रजी शाळेत जातात.

एवढं होऊन नागा शहरात काय चाललंय ते पाहा. तिथं बिकोल भाषेतला कवी क्रिस्तियान सेन्दोन कोर्देरो यानं पुस्तकांचं एक दुकान काढलंय. तिथल्या विद्यापीठाचं प्रकाशन बिकोलमध्ये पुस्तकं काढत आलं आहे, आणि कोर्देरोनं रिल्के, काफ्का असले जर्मन भाषेत लिहिणारे लेखक बिकोलमध्ये आणले. काफ्का बिकोलमध्ये कोण वाचणार, असं कोणी विचारू शकेल. कोर्देरो बिकोलमध्ये लिहितो तसा रिन्कोनादा या त्याहून लहान भाषेतही लिहितो. पुस्तकाच्या दुकानात माणसं येतात, बसतात, कविता वाचतात, वाद घालतात. जर्मन कादंबरीतला किडा बिकोलमध्ये कुठल्या शब्दानं म्हणायचा, यावर दोन बिकोल माणसं तासभर भांडली असतील तर त्या भाषेचं बरं चाललंय असं आम्ही समजतो.

आमच्या मंडळात पुढच्या महिन्यासाठी एक काम ठरलं आहे. ज्यांची कोकणी कविता दोन्हीकडून परत आली होती, त्यांच्याकडून ती मागून घ्यायची. कौतुक करायचं नाही. ओळ न ओळ तपासायची, आणि त्यांनी मधे बोलायचं नाही. ते कवितेचा कागद शोधतायत. सापडला नाही तर पाठ आहे म्हणतात.